डब्यातला आवाज

(लिफ्टवर चढलेली गाडी, खालून. टॉर्चचा उजेड मागच्या दोन चाकांच्या मधे फिरतो.)

हे बोट बघा.

मेकॅनिकनं आत्ताच मोटरमधून एक छोटासा सेन्सर उपसून काढला. त्याच्या टोकावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि मान हलवली.

गोडसर वास. कुलंटचा, म्हणजे मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वास.

हा सेन्सर कोरडा हवा होता. मोटर किती वेगानं फिरतेय हे मोजायचं एवढंच त्याचं काम. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि याच्या टोकावर निळसर थेंब लोंबतोय.

गाडी आहे टेस्ला मॉडेल एस, 2013 सालची. गॅरेज आहे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या काठाला, एका औद्योगिक वसाहतीत. शेजारी एक टाइलवाला आणि समोर टाको विकणारी गाडी. गाडीचे मालक मूळचे सांगलीचे. कॅमेऱ्यासमोर यायला नको म्हणाले, म्हणून ते तुम्हाला दिसणार नाहीत. मागे उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो मात्र रेकॉर्ड झालाय.

"बेअरिंग गेलंय का हो?"

नुसतं बेअरिंग गेलं असतं तर बरं झालं असतं, असं सांगायची वेळ आहे ही.

(फ्रीमाँटच्या कारखान्याची लांबलचक पांढरी भिंत, रस्त्यावरून घेतलेलं दृश्य.)

इथून थोड्याच अंतरावर हा कारखाना. आधी इथे जनरल मोटर्स आणि टोयोटा मिळून गाड्या बनवायच्या. 2010 च्या एप्रिलमध्ये तो बंद पडला आणि त्याच वर्षी टेस्लानं घेतला. 22 जून 2012 ला पहिल्या मॉडेल एस इथल्याच समारंभात गिऱ्हाइकांच्या हातात पडल्या.

त्यानंतर जे झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. नॉर्वेत मार्च 2014 मध्ये एका महिन्यात 1,493 मॉडेल एस विकल्या गेल्या. तिथे एका महिन्यात कुठल्याच मॉडेलच्या इतक्या गाड्या त्याआधी खपल्या नव्हत्या. आधीचा विक्रम 1986 सालचा, फोर्ड सिएराचा. अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं या गाडीला शंभरापैकी 99 गुण दिले. पुढे 2015 मध्ये हिच्याच जास्त ताकदीच्या भावंडाला, पी85डीला, शंभरापैकी 103 गुण पडले. म्हणजे मोजपट्टीच तोकडी पडली.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच संस्थेनं शिफारस मागे घेतली. कारण मालकांनी भरून पाठवलेले फॉर्म. त्यात ज्या तक्रारी होत्या त्यांत एक होती ड्राइव्ह युनिटची.

(टेबलावर ड्राइव्ह युनिट. कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरतो.)

हे ते ड्राइव्ह युनिट.

अॅल्युमिनियमचा हा एक गठ्ठा समजा. एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर, मधे गिअरबॉक्स. गिअर एकच, 9.73 ला 1. म्हणजे चाकानं एक फेरा मारेपर्यंत मोटरचे जवळजवळ दहा फेरे होतात. क्लच नाही, सायलेन्सर नाही, टायमिंग बेल्ट नाही. हे सगळं मिळून मागच्या दोन चाकांच्या मधे, डिकीच्या खाली बसतं.

मोटर इंडक्शन जातीची. तिला चुंबक लागत नाही. स्टेटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या गुंडाळ्यांमध्ये, तीन फेजचा प्रवाह फिरवला की आतला फिरता भाग, तांब्याचा रोटर, त्याच्या मागे पळायला लागतो. ज्या माणसाचं नाव कंपनीनं घेतलंय, त्या निकोला टेस्लाला या जातीच्या मोटरची अमेरिकन पेटंटं 1 मे 1888 ला मिळाली. तेव्हा आपल्याकडे घोड्यांच्या ट्रामा होत्या.

मूळ कल्पना इतकी जुनी आणि इतकी साधी, की यात बिघडण्यासारखं काही नाही असं विकणाराही म्हणत होता आणि घेणाराही. खरंच, तांब्याचा रोटर बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं.

(आवाज: गाडीच्या आतून, रस्त्यावर. हलकी घरघर.)

हा आवाज ऐका.

ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरला येतो. गिरणी लांबवर चालू असावी तसा. वेग वाढवला की वर चढतो, पाय काढला की थोडा बदलतो. अमेरिकेतल्या मालकांनीही या आवाजाला नाव दिलं ते गिरणीचंच, 'मिलिंग'. पेट्रोलच्या गाडीत हा इंजिनाखाली दबला असता, कुणाला कळलाही नसता. या गाडीत दबायला काही नाही. सगळी शांतता विकत घेतलेली, आणि त्या शांततेत ही घरघर.

ती कुठून येते, ते आता टेबलावर दिसेल.

(बेअरिंगचं रिंगण, अगदी जवळून.)

हे रोटरचं बेअरिंग. बाहेरचं कडं कापून काढलंय. आतल्या बाजूला जिथून गोळ्या पळतात ती वाट आरशासारखी असायला हवी. इथे तिच्यावर आडवे चरे आहेत. एकसारखे, बारीक, किसणीसारखे. मेकॅनिकनं माझा हात धरून नख त्यावरून फिरवायला लावलं. खर्रर्र. हाच आवाज गाडीत येतो, मिनिटाला हजारो फेऱ्यांनी.

हे चरे तेल कमी पडल्यामुळे पडलेले नाहीत. ते विजेनं पाडलेत. इन्व्हर्टर बॅटरीची एकदिश वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरला देतो. त्या तोडजोडीत रोटरच्या शाफ्टवर थोडा विजेचा दाब साठत जातो. त्याला जमिनीकडे जायची वाट हवी असते आणि सर्वात जवळची वाट बेअरिंगमधून जाते. गोळी आणि कडं यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो, वीज तो फोडून उडी मारते. ठिणगी डोळ्यांना दिसणार नाही इतकी छोटी, पण ती पडली तिथलं पोलाद क्षणभर वितळतं. असं लाखो वेळा होतं.

उपाय मेकॅनिकच्या दुसऱ्या हातात आहे. नवं बेअरिंग. कडी पोलादाचीच, गोळ्या मात्र सिरॅमिकच्या, काळ्याशार. सिरॅमिकमधून वीज जात नाही. टेस्लानंही पुढच्या युनिटांमध्ये हाच मार्ग धरला.

सुरुवातीच्या काळात आवाजाची तक्रार आली की एकच रीत होती. अख्खं युनिट काढायचं, दुसरं बसवायचं. त्यामुळे कुणाचं तिसरं चालू होतं, कुणाचं चौथं. 2014 च्या उन्हाळ्यात खुद्द इलॉन मस्क यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना सांगून टाकलं, की काही गाड्यांची युनिटं बदलायची गरजच नव्हती. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरमध्ये, एक शिम घातली असती तरी भागलं असतं. शिम म्हणजे पातळ चकती, आपल्याकडे मिस्त्री पॅकिंग म्हणतो ते. किंमत पन्नास सेंट.

पन्नास सेंट! हे वाक्य मी एडिटिंगला बसल्यावर तीनदा थांबवून ऐकलं.

(मागचा सबफ्रेम, म्हणजे मोटर धरून ठेवणारा सांगाडा, खाली उतरतोय. जाड नारिंगी केबली, हातात रबरी मोजे.)

आता सुरुवातीच्या त्या थेंबाकडे येऊ.

युनिट बाहेर काढायला सकाळचा निम्मा वेळ गेला. आधी बॅटरीचा पुरवठा तोडायचा. ही चारशे व्होल्टच्या घरातली बॅटरी आहे, 85 किलोवॅट-अवरच्या पॅकमध्ये 7,104 सेल, प्रत्येक सेल आपल्या पेन्सिल सेलपेक्षा थोडासाच मोठा. म्हणून हे मोजे. केबली सुटल्या, कुलंट बादलीत उतरलं, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट निघाले, आणि अख्खा सबफ्रेम मोटरीसकट टेबलावर खाली आला. घाई कुणीच करत नव्हतं. रेडिओवर बेसबॉल चालू होता.

(मोटरचं झाकण उघडतं.)

इथे थांबून बघण्यासारखं आहे.

जोरात चालवलं की रोटर तापतो. म्हणून त्याच्या पोकळ शाफ्टमध्ये एक नळी घातली आणि तिच्यातून थेट कुलंट आत सोडलं. नळी जागच्या जागी उभी आणि तिच्याभोवती शाफ्ट फिरतोय. म्हणजे फिरत्या वस्तूच्या पोटात पाणी नेऊन परत आणायचं. कल्पना झकास. पण या दोघांच्या मधून पाणी बाहेर येऊ नये म्हणून काय आहे?

हे. ऑइल सीलच्या जातीचं एक कडं. रबराच्या ओठासारखी याची धार शाफ्टला चिकटून असते.

शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. धार घासते. शाफ्टवर तिची चाकोरी पडते, ही बघा, नखाला लागते. आणि एके दिवशी त्या चाकोरीतून पहिला थेंब पलीकडे जातो. पलीकडे बसलाय आपला सेन्सर. त्याच्या मागे स्टेटरच्या गुंडाळ्या. तिथून वाफ आणि ओल इन्व्हर्टरपर्यंत पोचली, की गाडी विजेची गळती ओळखते, पडद्यावर सर्व्हिसचा इशारा येतो आणि गाडी पुन्हा चालू होईल याची खात्री राहत नाही.

(बादलीत उलटं धरलेलं स्टेटर. गंजाचं तपकिरी पाणी टपकतं.)

काहीच बोलत नाही. बघा.

(आठ सेकंद निवेदन नाही.)

या गाडीचं नशीब बरं होतं. इन्व्हर्टर कोरडा निघाला.

सील बदलण्याचे दोन पंथ आहेत आणि या गॅरेजमध्ये दोघांचे भक्त आहेत. एक म्हणतो, एका ओठाच्या जागी तीन ओठांचं टेफ्लॉनचं सील घाला, शाफ्टची घासलेली जागा दुरुस्त करा, आणि नळी राहू द्या. दुसरा म्हणतो, रोटरमध्ये पाणी हवंच कशाला? ती वाटच बंद करून टाका. स्टेटर आणि इन्व्हर्टरला पाणी मिळत राहील, शहरात ऑफिसला जाणारी गाडी आहे, शर्यतीत थोडीच पळवायचीय. यावर दुपारच्या जेवणात जे भांडण झालं ते इथे दाखवता येत नाही, शब्द तसे होते.

शेवटी मालकांनी तीन ओठांचं सील निवडलं. "मूळचं आहे तसं राहू दे," एवढंच म्हणाले.

(वर्कबेंच: जुनं सील, नवं सील, एक शिम, दोन बेअरिंगं, ओळीनं.)

हा सगळा बिघाड. तुमच्या तळहातावर मावेल.

ड्राइव्ह युनिटच्या डब्यावर मात्र कुठेही लिहिलेलं नाही, की तो उघडता येतो. आतल्या सुट्या भागांची यादी या मेकॅनिकनं स्वतः करून ठेवलीय, वहीत, पेन्सिलीनं. बेअरिंगचे नंबर, सीलचे माप, कुठला बोल्ट किती आवळायचा. वहीचा कोपरा कुलंटनं निळा झालाय. ही वही दोन वर्षांत भरली, त्याआधीची शेल्फवर आहे. यातलं बरंच काही जळलेली युनिटं विकत घेऊन, उघडून, चुकून शिकलेलं. मॅसॅच्युसेट्समध्ये 2020 साली लोकांनी मतदान करून गाडीचा डेटा बाहेरच्या गॅरेजला मिळालाच पाहिजे असं सांगितलं, चारातल्या जवळजवळ तिघांनी हो म्हटलं. वही मात्र अजून पेन्सिलीचीच आहे.

(रस्त्यावरच्या मॉडेल एस, एकामागून एक.)

2014 च्या ऑगस्टमध्ये टेस्लानं ड्राइव्ह युनिटची वॉरंटी आठ वर्षं केली, मैलांची मर्यादा नाही, मालक कितीही बदलोत, आणि आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू. मोठं पाऊल होतं, मान्य करायलाच हवं. पण 2013 ला आठ मिळवले की 2021 येतं. त्यानंतर नव्या युनिटचे हजारो डॉलर मालकाच्या खिशातून. बॅटरीचंही दुखणं निघालं, 2019 च्या एका अपडेटनंतर काही गाड्यांचं चार्जिंग आणि पल्ला घटला, आणि 2021 मध्ये 1,743 गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी 625 डॉलर देऊन ते मिटलं. इतरांकडेही सगळं आलबेल नव्हतं. पोर्शनं त्याच वर्षी जगभरातल्या टायकान नावाच्या सुमारे 43,000 विजेच्या गाड्या परत बोलावल्या, चालता चालता ताकद जात होती म्हणून. तिथे दोष सॉफ्टवेअरचा, पाना लागला नाही.

(मुंबई, बीकेसी. शोरूमची काच, बाहेर फोटो काढणारी मुलं.)

15 जुलै 2025 ला टेस्ला मुंबईत आली. इथे विकायला ठेवलेली मॉडेल वाय आहे आणि तिच्या मोटरला थंडावा तेलाचा असतो, रोटरच्या पोटात कुलंट नाही. म्हणजे हे सील तिच्यात नाही. कुर्ल्याच्या गॅरेजवाल्यांना तिच्यात काय सापडेल ते तिची आठ-दहा वर्षं झाल्यावर बघू.

(पुन्हा कॅलिफोर्निया. संध्याकाळ. गाडीच्या आतून.)

युनिट बसलं, कुलंट भरलं, हवा काढली. मेकॅनिकनं रेडिओ बंद केला, काचा वर घेतल्या आणि गाडी हायवेला काढली. पन्नास मैल. पंचावन्न. साठ. कुणीच बोललं नाही.

(आवाज: टायर, वारा.)

परत आल्यावर त्यानं वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला. किल्ली देताना मालकांना म्हणाला,

"दहा हजार मैलांनी या. सेन्सर काढून वास घेऊन बघू."