भोक पाडलेली पट्टी आणि पंधरा टक्के

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘निर्यातकराचे तह’, पण मी सुरुवात एका भोकापासून करणार आहे. अध्यक्षांनी आत्ताच घड्याळ पाहिलं. पाहू द्या.

कॅनडा आणि अमेरिकेचं लाकडावरचं भांडण तुम्हाला ठाऊकच आहे. कॅनडातली बहुतेक जंगलं प्रांत सरकारांची, उभ्या झाडाचा दर सरकार ठरवणार. अमेरिकी गिरणीवाले म्हणणार, हा दर कसला, ही छुपी सबसिडी! 1996 मध्ये समझोता झाला. वर्षाला 14.7 अब्ज बोर्ड फूट माल शुल्काविना, त्यापुढे पैसे मोजा. बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड फळीएवढं लाकूड. कलमं लिहायला दोन्हीकडचे निष्णात वकील. आणि कॅनडातल्या गिरण्यांनी काय केलं? भिंतीच्या सांगाड्यात उभ्या बसवतात त्या पट्ट्यांना भोकं पाडली. विजेची तार ओवायला म्हणे! भोक पडलं की तो ‘सुतारकामाचा माल’, आणि समझोता तर फक्त कापलेल्या लाकडाचा. 1997 मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने हे मान्यही केलं. (हशा) थांबा, पुढच्या वर्षी त्यांनीच निकाल फिरवला. भोक असलं तरी लाकूड ते लाकूडच. दोन सरकारं, ढीगभर वकील, आणि सगळं येऊन टेकलं ड्रिलच्या टोकावर. बरं, ज्या पट्टीला तिकडे ‘दोन बाय चार’ म्हणतात ती मोजली तर भरते दीड बाय साडेतीन इंच. जिथे मापच थापा मारतं तिथे… असो, चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

तर मुख्य मुद्दा. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेने प्राथमिक निर्णयात कॅनडाच्या लाकडावर 15 टक्के शुल्क ठरवलं. अंतिम निकाल तोंडावर आला असताना 30 डिसेंबरला तह झाला, की कॅनडानेच आपल्या मालावर 15 टक्के निर्यातकर लावायचा. गिरणीला चटका तोच, फक्त पैसा वॉशिंग्टनऐवजी कॅनडाच्या तिजोरीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की या तहांत दराची घासाघीस वरवरची, खरी ओढाताण तिजोरी कुणाची यावर. गंमत बघा, खुद्द अमेरिकेच्या राज्यघटनेत निर्यातीवर कर लावायला बंदी आहे. घरात वर्ज्य, ते शेजाऱ्याला पथ्य!

1991 मध्ये कॅनडाने तह मोडला, ते का हे राहिलं. 2006 चा समझोता तेवढा उरकतो. अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावर शुल्क म्हणून वसूल केलेले साधारण 5 अब्ज डॉलर अडकले होते. समझोत्यात 4 अब्ज परत आले, 1 अब्ज तिकडेच. त्यातले निम्मे कुणाला? तक्रार करणाऱ्या गिरणीवाल्यांनाच! पुढे निर्यातकर पुन्हा कॅनडाकडे, तोही उलटा. हजार बोर्ड फुटांचा भाव 355 डॉलरच्या वर असेल तर शून्य, आणि 315 पर्यंत पडला की, कोटा, म्हणजे निर्यातीवर मर्यादा, नको म्हणणाऱ्या प्रांतांना 15 टक्के. म्हणजे धंदा बसला की कर चढणार. तो समझोता 2015 मध्ये संपला, 2017 पासून पैसा परत वॉशिंग्टनच्या तिजोरीत… हो, हो, अध्यक्षमहाराज, उतरतोच.