कॉलमला पाणी कोण मारणार?

नमस्कार मंडळी. जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीचा व्हिडिओ टाकल्यापासून तुम्ही बहुतेक जण एकच विचारत आहात की, काका, आयुष्यभर घरे बांधली आणि इतरांनी बांधलेली फोडून दुरुस्त केली, तर घर अकाली कशामुळे खराब होते ते एकदा स्पष्ट सांगा. आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, एम २० या ताकदीच्या प्रतीपेक्षा हलके काँक्रीट वापरू नये, सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पाणी मोजूनच घालावे आणि सळई फळीला टेकू नये म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक हे ठोकळे ठेवावेत, हे आता साइटवर सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचे आहे ते काँक्रीट ओतल्यानंतरच्या पाण्याविषयी, आणि त्यातही कॉलमच्या, म्हणजे खांबाच्या, पाण्याविषयी.

स्लॅबचे कौतुक सगळे करतात. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, दुसऱ्या दिवशी सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे वाफे बांधून पाणी भरले जाते आणि मालक त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवतो. कॉलम मात्र उभा असतो, त्यावर पाणी साठत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप फिरवला की काम झाले असे समजले जाते, आणि मे महिन्यात तोच कॉलम अर्ध्या तासात पांढरा पडतो.

काँक्रीट वाळून घट्ट होते, हा गैरसमज प्रथम दूर करू या. सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे ते घट्ट होते, आणि पृष्ठभाग कोरडा पडला की तेथील क्रिया थांबते. हा पृष्ठभाग म्हणजे नेमके सळईचे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ज्याच्यावर सळईचे संरक्षण अवलंबून असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. गोणीवर पीपीसी छापलेले असते आणि मिस्त्री दिवस मात्र सातच मोजतो, हे मी आजही पाहतो.

आता हीच गोष्ट फोडकामाच्या बाजूने पाहा. पार्किंगमधल्या जुन्या कॉलमवर छिन्नी चालवली की पुष्कळदा कव्हर हाताने निघते आणि आतला गाभा मात्र घणालाही दाद देत नाही. काँक्रीट तेच, ओतणारे हातही तेच, फरक फक्त बाहेरच्या थराला न मिळालेल्या पाण्याचा. अशा सच्छिद्र कव्हरमधून दमट हवा आत शिरते, सळई गंजते, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि सळईच्या रेषेतच उभी भेग पडते. कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे हे आणखी लवकर होते, आणि दोष अर्थातच समुद्राला दिला जातो. मग जॅकेटिंग करावे लागते, म्हणजे कॉलमभोवती नवे लोखंड आणि नवे काँक्रीट घालावे लागते. कॉलम जाड होतो, गाडीचे दार पुरते उघडत नाही, आणि त्या नव्या जॅकेटलाही पाणी कोणी मारत नाही!

तिसरी बाजू कराराची आहे, आणि माझी खरी चीड येथे आहे. मजुरीवर काम घेतलेला गवंडी म्हणतो की पाणी मालकाने मारायचे, मालक म्हणतो की ते वॉचमनचे काम आहे, आणि वॉचमनला कोणी काही सांगितलेलेच नसते. करारात टाइल्सचा रंग लिहिला जातो, पण कॉलमला पाणी कोण आणि किती दिवस मारणार, हे एका ओळीत लिहायला कोणी तयार नसतो. ती ओळ लिहून घ्या, आणि साच्याच्या फळ्या काढताच प्रत्येक कॉलमवर काँक्रीट ओतल्याची तारीख खडूने लिहा, म्हणजे दिवस मोजताना वाद राहत नाही.

एका प्रेक्षकाने थोड्या रागानेच लिहिले आहे की आता रेडी मिक्समध्ये, म्हणजे कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये, केमिकल असते, मग पाण्याची ही जुनी कटकट कशाला. ते केमिकल कमी पाण्यात मिश्रण प्रवाही ठेवण्यासाठी असते. उन्हात काँक्रीटमधून उडून जाणारे पाणी ते थांबवत नाही. काँक्रीटवर फवारून आतला ओलावा धरून ठेवणारे क्युरिंग कंपाउंड वेगळे, आणि जेथे पाण्याची खरोखर टंचाई आहे तेथे ते उपयोगी पडते. परंतु फळ्या काढल्याबरोबर ते मारावे लागते, आणि त्याचा थर राहिला तर पुढे प्लास्टर नीट धरत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही.

पद्धत साधी आहे. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधावे, ते दिवसभर ओले राहील असे पाहावे, आणि वारा जास्त असेल तर वरून प्लास्टिक लपेटावे. पावसाळ्यातही गोणपाट काढू नये, कारण दोन सरींच्या मधले ऊन पुरेसे असते. बोअरचे पाणी खारट लागत असेल, तर आधी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तसे असेल तर टँकर मागवावा.