बंद गाडीचे चार भाव

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर फेरी मारा, भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, कडेला माडाखाली एखादी गाडी उभी दिसतेच. चारही टायर बसलेले, बॉनेटवर चुडतं पडलेलं, नंबर जीए-०१ नाहीतर जीए-०२च्या जमान्यातला. मग एक दिवस भंगारवाला अंगणात येतो, गाडीभोवती चक्कर मारून उक्ता आकडा सांगतो आणि घरचे ‘ब्याद गेली’ म्हणत ती देऊन टाकतात. त्या चकरेत त्याने काय काय पाहिलं, ते मालकाला कळलेलं नसतं.

बंद गाडीला चार भाव असतात. आख्खी गाडी म्हणून एक, सुट्या भागांचा दुसरा, लोखंडाचा तिसरा आणि कागदांचा चौथा. यातला कुठला पदरात पडेल, हे गाडी नेमकी कशाने बंद पडली त्यावर ठरतं. म्हणून आधी निदान.

बॅटरीपासून सुरुवात करा. पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरी मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या खाली असेल तर ती उतरली आहे, आणि त्यावरून इंजिनाबद्दल काहीच सांगता येत नाही. दुसरी चांगली बॅटरी लावून चावी फिरवा आणि कान द्या. नुसती टकटक झाली, तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार घासून काढा. खाऱ्या हवेत तो हमखास साठतो. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय पण पेटत नाही, असं असेल तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय जुळवणारा पट्टा, तुटल्याचा संशय घ्या आणि पुन्हा सेल्फ मारू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

इंजिन फिरतच नसेल तर ते जाम आहे का, ते पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दिवसभर तसंच राहू द्या. मग इंजिनाचे पट्टे फिरवणारी जी क्रँक पुली असते, तिच्या बोल्टला पाना लावून हळूहळू फिरवून बघा. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतात. फिरलं तर इंजिन विकण्याजोगं आहे. तसंच डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढा. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं, तर पाणी तेलात गेलंय. बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, फाटलंय.

जुनं पेट्रोलही काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. चार महिने पाऊस पिणाऱ्या आपल्या हवेत टाकीच्या तळाशी पाणी साठतं आणि पंप नेमकं तेच आधी खेचतो.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला मात्र यातलं काहीही करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो; पाणी दाबलं जात नाही. शिवाय साध्या विम्यात अशा इंजिनाचा दावा सहसा नाकारला जातो. विमा चालू असेल तर भंगाराचा विचार करण्याआधी कंपनीला कळवा. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात.

बॅटरी, पेट्रोल, प्लग एवढ्यावर इंजिन दोन मिनिटं जरी चाललं, तरी गाडी आख्खी विका. इंजिनाचा आवाज ऐकलेला ग्राहक वेगळा भाव करतो. याच्या पुढे खर्च नको. क्लच किंवा गॅस्केट बदलून विकण्यात ते पैसे सहसा परत येत नाहीत. आणि ‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. तो नियम दिल्लीतून ऐकलेला असतो. गोव्यात फिटनेस तपासून खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी पुढे नेता येते. गाडी तेवढी धड हवी, इतकंच.

धड आहे की नाही, हे स्क्रूड्रायव्हर सांगतो. दारांखालची पट्टी, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा आणि बॉनेट उघडल्यावर सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बसतं ती जागा, या तीन ठिकाणी टोचून पाहा. टोक आत गेलं तर आख्खी गाडी विकण्याचा विषय संपला. कळंगुट-कोळव्याच्या किनारी पट्ट्यात वरून चकचकीत दिसणाऱ्या गाड्याही इथेच पोकळ निघतात.

मग येतात सुटे भाग. पैसा असतो तो अल्टरनेटर, सेल्फ, एसी कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, हेडलाइट, काचा आणि अलॉय व्हील यांत. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. इमोबिलायझर, म्हणजे दुसऱ्या चावीने गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत तो मूळ चावीशी जुळलेला असतो. ईसीएम आणि चावी जोडीने दिली तर भाव मिळतो. चावी खणात राहिली तर ईसीएम भंगारात जातो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीच्या टायरला, नक्षी कितीही खोल असली तरी, जाणकार पैसे देत नाही. आणि देऊ नयेतच.

बोल्ट खारट हवेने धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर बोल्टचं डोकं तुटतं आणि भागही जातो. कनेक्टर ओढू नका, त्याची कडी दाबून सोडवा. वायर कापून काढलेल्या भागाचा भाव निम्मा होतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. एअरबॅग असतील तर बॅटरी काढून किमान दहा मिनिटं थांबल्याशिवाय स्टिअरिंगला हात नको. न फुटलेल्या एअरबॅगमध्ये स्फोटक असतं. एसीचा गॅस हवेत सोडू नका, एसीवाल्याकडून काढून घ्या. इंजिनातलं तीन-चार लिटर तेल परसात ओतणाऱ्यांनी आपली विहीर आठवावी. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, त्यातून ते खाली उतरायला वेळ लागत नाही. गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात ते द्या.

लोखंडाच्या भावाचं गणित आरसीवरच, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच, लिहिलेलं असतं. ‘अनलेडन वेट’ म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. समजा ७५० किलो आहे. काच, रबर, सीट, प्लॅस्टिक वगळता साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ५०० किलो लोखंड धरा. त्या दिवशीचा किलोचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा आणि गुणा. उक्ता आकडा याच्या किती खाली आहे, ते लगेच कळतं. किलोमागे दोन रुपये जास्त देणारा लांबचा भंगारअड्डा तुम्हाला जास्तीचे हजारच देतो, आणि तेवढे क्रेनचं भाडं सहज खातं. म्हणून ‘उचलून नेण्यासह’ भाव विचारायचा.

बॅटरी त्या वजनात जाऊ देऊ नका, ती शिशाची असते. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो. सायलेन्सरच्या पाइपवर इंजिनाजवळ जो डबा असतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. आख्ख्या गाडीत इतक्या कमी वजनात इतकी किंमत दुसरीकडे नाही. मुठीने ठोकून बघा. पोकळ वाजला तर आतली जाळी आधीच कुणीतरी काढलेली आहे.

पण थांबा. गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राला द्यायची असेल, तर भाग काढण्याआधी त्यांना विचारा. इंजिन किंवा कन्व्हर्टर नसलेल्या सांगाड्याचे पैसे कापतात, कधी घेतही नाहीत.

ही केंद्रं २०२१च्या केंद्रीय नियमांखाली आली. गाडीची नोंदणी कुठलीही असो, देशातल्या कुठल्याही केंद्रात ती देता येते. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, आणि चौथा भाव तो हाच. ते दाखवलं की नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. रस्ता करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे; आपल्याला नेमकी किती, हे वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं.

विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी देताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ५० टक्क्यांपर्यंतची ती सूट तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस गेला. कित्येक जण बंद गाडीचा विमा ‘कशाला भरायचा’ म्हणून सोडतात आणि इथे फसतात. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. फास्टॅग बंद करून अनामत परत मागा.

भंगारवाल्याला गाडी दिली आणि आरसी तशीच राहिली, तर काय होतं? कागदावर मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत नाव असलेलाच मालक धरला जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५नुसार गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर वाहतूक खात्याला कळवून आरसी जमा करायची असते. भंगारअड्ड्यावर गाडी कापताना चासी नंबरचा तुकडा मागून घ्या, नंबर प्लेट स्वतः काढा, आणि दिनांकासह पावतीवर घेणाऱ्याची सही व ओळखपत्राची प्रत ठेवा.

हे सगळं पावसाआधी उरकलं तर बरं. तोवर एवढं करा: हँडब्रेक सोडून ठेवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला आणि चाकांना चिऱ्याचे तुकडे लावा. ओढलेल्या हँडब्रेकवर पावसाळा काढलेल्या गाडीचे मागचे ब्रेक ड्रमला धरतात. मग ती ढकलून अंगणाबाहेर येत नाही आणि क्रेनवाला दर वाढवून मागतो.

नमस्कार.