डालड्याचा डबा आणि अमळनेरची शेंग

मंडळी, माझ्या आजीची तुळस पत्र्याच्या डब्यात होती. रंग उडालेला, कडा गंजलेल्या, पाणी निघून जावं म्हणून बुडाला खिळ्यानं पाडलेली चार भोकं. आजी त्याला ‘डालड्याचा डबा’ म्हणायची. तो कुठल्या कंपनीचा होता कोण जाणे, आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडाच! या नावाची गंमत ऐका. हे तूप इकडे आणणारी हॉलंडची एक कंपनी होती, तिचं नाव ‘दादा’. लिव्हर कंपनीनं त्यात आपला ‘ल’ घातला आणि १९३७ पासून दादाचा डालडा झाला.

पण वनस्पती तुपाची खरी नवलाची गोष्ट आपल्या खान्देशातच घडली. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि कारखाना घातला अमळनेरला. आजूबाजूला भुईमूग, दारात सुरत-भुसावळ रेल्वे. तेल तापवायचं, निकेलची भुकटी घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन सोडायचा, की पातळ तेल तुपासारखं रवाळ घट्ट होतं. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ नावाचा कपड्याचा साबण, हा या कंपनीचा माल. शेंगा विकत घेणारा माणूस दाणा दाताखाली धरून ओलावा ओळखायचा आणि त्यावर भाव ठरवायचा. १९६६ साली वडील गेले, म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले. त्यांनी दातानं पारखायची ही पद्धत बंद करून मोजमाप आणलं. पुढे हीच कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली. तिला आज सगळं जग विप्रो म्हणून ओळखतं. गावातल्या ज्या घरांनी तेव्हा शेअर घेतले आणि पेटीत तसेच ठेवून दिले, त्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्याच गावात आणखी एक वास्तू. १९१६ साली प्रतापशेठांनी तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापसाच्या नि गिरणीच्या गावात वेदान्ताचा अभ्यास! बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्ववेत्ते इथं येऊन राहिले. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी इथं शिकायला, शाळेतले मास्तर झाले ते नंतर. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हातानं लिहून एक दैनिक काढत. सकाळी उठावं आणि गुरुजींच्या अक्षरातला ताजा अंक वाचायला मिळावा! त्या मुलांचा मला फार हेवा वाटतो.

फैजपूर तर तुम्हाला पाठच असेल. डिसेंबर १९३६, अध्यक्ष नेहरू, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. मला मात्र त्यातले बांबू जास्त आवडतात. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले आणि इथल्याच बांबूसारख्या साध्या सामानातून त्यांनी अधिवेशनाची सजावट उभी केली. देशातला एवढा मोठा चित्रकार आपल्या फैजपुरात येऊन काम करून गेला, हे शाळेत आम्हाला कुणीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आणि बहिणाबाई. असोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी. जात्यावर, शेतात सुचलेल्या ओव्या मुलानं आणि नात्यातल्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. त्या गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये आणि पुस्तक निघालं १९५२ साली. आपल्या गाण्यांचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही.

आता माझी एक विनंती आहे. माळ्यावर, देवघराखाली, धान्याच्या कोठीमागे शोधा. एखादा जुना तुपाचा डबा, साबणाचं वेष्टन, फैजपूरचा पास, आजीनं म्हटलेल्या ओव्यांची वही, जे सापडेल ते रद्दीत घालू नका. मी रविवारी सकाळी इथंच वाचनालयात बसलेला असेन. घेऊन या, आपण मिळून पाहू.