बर्फातला पाण्याचा रेणू वळतो का? डेव्हिडसन आणि गॅस हायड्रेटची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज एका केमिस्टबद्दल बोलायचंय, डोनाल्ड डेव्हिडसन, कॅनडातल्या ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले. गॅस हायड्रेटवर, म्हणजे आत गॅस कोंडलेल्या बर्फासारख्या पदार्थावर, काम करणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, बाकी कुणाला फारसं नाही, आणि मला ते मनापासून खटकतं, म्हणून हा व्हिडिओ.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. बर्फ म्हणजे घट्ट गोठलेलं पाणी, मग त्यातला रेणू जागच्या जागी वळू शकतो का? तर हो, वळतो! फक्त फार सावकाश. शून्य अंशाच्या पाण्यात एका रेणूला दिशा बदलायला साधारण 18 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) लागतात आणि त्याच तापमानाच्या बर्फात साधारण 20 मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग), म्हणजे जवळपास दहा लाख पट जास्त वेळ. आता हे मोजायचं कसं, तर नमुना दोन धातूच्या प्लेट्समध्ये ठेवायचा, एसी व्होल्टेज द्यायचं, आणि फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची. पाण्याच्या रेणूला एक टोक थोडं पॉझिटिव्ह, एक थोडं निगेटिव्ह असतं ना, त्यामुळे तो व्होल्टेजच्या तालावर वळायचा प्रयत्न करतो, आणि ज्या फ्रिक्वेन्सीला त्याला ताल झेपेनासा होतो तिथे वळायचा वेग कळतो.

डेव्हिडसन यांचं पहिलं मोठं नाव याच मोजमापात झालं. 1951 साली ब्राऊन विद्यापीठात रॉबर्ट कोल यांच्यासोबत त्यांनी ग्लिसरॉल वगैरे द्रवांवर पेपर लिहिला. सगळे रेणू एकाच वेगाने वळत नाहीत, आणि वेगांचा तो पसारा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, एका बाजूला कललेला असतो, हे त्यांनी एका सोप्या सूत्रात बसवलं. डेव्हिडसन-कोल समीकरण म्हणतात त्याला, आजही वापरतात.

मग ते वळले हायड्रेटकडे. हे काय असतं ते आधी सांगतो. थंडी आणि दाब असेल तर पाण्याचे रेणू गॅसच्या रेणूभोवती पिंजरे बांधतात. दिसायला बर्फच, पण आत मिथेन, क्लोरीन असं काहीतरी कोंडलेलं. क्लोरीनचं हायड्रेट हम्फ्री डेव्हीने दोनशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, 1823 मध्ये फॅरेडेने त्यात किती पाणी किती क्लोरीन ते मोजलं, आणि पुढे शंभरेक वर्षं ही लॅबमधली एक गंमतच होती. 1934 मध्ये हॅमरश्मिट यांनी दाखवलं की गॅसच्या पाईपलाईन तुंबतात त्या बर्फामुळे नाही, हायड्रेटमुळे, कारण हे शून्याच्या वरच्या तापमानालाही गोठतं, आणि तिथून इंजिनियर लोक जागे झाले. मग बॉनमध्ये फॉन स्टाकेलबर्ग यांनी एक्स-रे वापरून पिंजऱ्यांच्या दोन रचना शोधल्या, स्ट्रक्चर एक आणि स्ट्रक्चर दोन.

डेव्हिडसन यांनी विचारलं ते वेगळंच. पिंजरा दिसला, ठीक आहे, पण आतला पाहुणा काय करतोय? आणि भिंतीतलं पाणी काय करतंय? उत्तर फार सुंदर आहे. पाहुणा आत जवळजवळ मोकळा फिरतो, इतक्या थंडीतही फिरत राहतो की जिथे भिंतीतलं पाणी पार थिजून गेलेलं असतं. आणि पाहुणा नुसता बसून राहत नाही हो! टेट्राहायड्रोफ्युरान घ्या, टीएचएफ म्हणतात, याचं हायड्रेट साध्या हवेच्या दाबालाच सुमारे 4 अंशांना जमतं, त्यामुळे लॅबमध्ये सगळ्यांचं लाडकं. त्याच्यातला ऑक्सिजन अधूनमधून भिंतीतल्या पाण्याच्या रेणूला हात धरून ओढतो, हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात एक चूक तयार होते, आणि त्या चुकीमुळे आजूबाजूचे रेणू साध्या बर्फापेक्षा कितीतरी पटीने लवकर वळतात. म्हणजे पाहुणा घराच्या भिंती हलवतो! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच दोन मिनिटं थांबलो होतो.

आता 1984. तोवर समज अशी होती की छोटे रेणू स्ट्रक्चर एकमध्ये जातात. डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की आर्गॉन, क्रिप्टॉनसारखे अगदी छोटे रेणू उलट स्ट्रक्चर दोन बनवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब करून बघा. स्ट्रक्चर एकमध्ये 46 पाण्याच्या रेणूंमागे छोटे पिंजरे फक्त 2, मोठे 6. स्ट्रक्चर दोनमध्ये 136 मागे छोटे 16 आणि मोठे 8. छोट्या पाहुण्याला छोटी खोलीच नीट बसते, मग जिथे छोट्या खोल्या जास्त तिथेच तो जाणार. नायट्रोजन आणि ऑक्सिजनही याच गटात येतात, म्हणजे हवा! ग्रीनलंडच्या बर्फात खोल गेलं की हवेचे बुडबुडे दिसेनासे होतात, कारण वरच्या वजनाने ती हवा पिंजऱ्यात गेलेली असते. 1982 मध्ये ग्रीनलंडमधल्याच डाय-3 या ठिकाणी खोदून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात असे स्फटिक सापडले होतेच.

तोपर्यंत जगालाही हायड्रेटची गरज पडली होती, कारण समुद्रतळाशी आणि परमाफ्रॉस्टखाली, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीखाली, मिथेन हायड्रेट सापडायला लागलं होतं, ज्याच्या एका घनमीटरमधून साधारण 160 घनमीटर गॅस निघतो. मेक्सिकोच्या आखाताच्या तळातून काढलेला नमुना ओटावाला तपासला गेला, स्ट्रक्चर दोन निघाला, आणि 1986 मध्ये तो पेपर आला. नमुना आला तेव्हा एक्स-रे, एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल वाचायचं तंत्र), उष्णता मोजायची यंत्रं, आणि ती चालवणारी माणसं, सगळं तिथे तयार होतं. हे तयार असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण अशी लॅब ऑर्डर दिली आणि दोन महिन्यांत उभी राहिली असं होत नाही.

डेव्हिडसन त्याच वर्षी, 1986 ला गेले.

त्याआधी, 1981 मध्ये, त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन रिपमीस्टर यांनी झेनॉन पिंजऱ्यात घालून त्याचा एनएमआर सिग्नल घेतला होता. झेनॉनचं असं की पिंजऱ्याचा आकार बदलला की सिग्नलची जागा सरकते, म्हणजे आत पाठवलेला हेरच तो. हीच पद्धत वापरत असताना रिपमीस्टर आणि सहकाऱ्यांना अशा रेषा दिसल्या ज्या एक किंवा दोन, कुठल्याच रचनेत बसेनात. जानेवारी 1987 ला नेचरमध्ये छापून आलं: तिसरी रचना, स्ट्रक्चर एच. रचनेच्या एका घटकात 34 पाण्याचे रेणू, तीन प्रकारचे पिंजरे, आणि त्यातला सगळ्यात मोठा इतका मोठा की मिथिलसायक्लोहेक्झेनसारखा अवजड रेणू त्यात मावतो, फक्त शेजारच्या छोट्या पिंजऱ्यांत टेकू द्यायला झेनॉन किंवा मिथेन लागतो.

आणि 1994 मध्ये ही रचना निसर्गातही असल्याचं कळलं. कुठे, तर मेक्सिकोच्या आखाताच्याच तळाशी.