जेवलात? मग हा व्हिडिओ बसून बघू नका

जेवण झालं का मंडळी? झालं असेल तर बसू नका. फोन हातात घ्या आणि घरात, ओट्यावर, गच्चीवर, असाल तिथं हळूहळू चालायला लागा. मीपण चालता चालताच बोलणार आहे.

(गच्ची, रात्रीचे सव्वानऊ. कॅमेरा सोबत चालतो.)

ही जळगावातली आमच्या घराची गच्ची. आत्ताच भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा असं पोटभर जेवण झालंय. थंडीत आपल्याकडे भरीत असलं की भाकरी मोजून कोण खातं? मी तर नाही. आणि एवढं जेवण झालं की अंग जड होतं, डोळे मिटायला लागतात. नेमकी हीच वेळ महत्त्वाची आहे.

भाकरी असो, पोळी असो, भात असो, पोटात गेल्यावर त्याची साखर होते आणि रक्तात उतरते. दहा-पंधरा मिनिटांत ती चढायला लागते आणि तास-सव्वा तासात सगळ्यांत वर पोचते. मधुमेह असेल तर त्याहून जास्त वेळ वरच रेंगाळते. बसून असताना ही साखर स्नायूंमध्ये जायला इन्शुलिन लागतं. आता जरा थांबा, पोटरीवर हात ठेवा आणि टाच उचला. स्नायू घट्ट झाला ना? प्रत्येक पावलाला तो असाच आवळतो आणि सुटतो. आवळताना त्याला इंधन लागतं, आणि साखर आत ओढून घेणारी यंत्रणा तो स्वतःच चालू करतो. पेशीच्या आत ग्लुट-४ नावाची प्रथिनं असतात, ती पेशीच्या कडेला येतात आणि साखरेला वाट करून देतात. त्यासाठी इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. ज्यांचं इन्शुलिन नीट काम करत नाही, त्यांना चालण्याचा एवढा उपयोग होतो तो यामुळेच.

(चालत.) न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. टाईप २ मधुमेह असलेली ४१ माणसं. त्यांना काही दिवस सांगितलं, रोज ३० मिनिटं चाला, वेळ तुमच्या सोयीची. मग काही दिवस सांगितलं, प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला. एकूण चालणं दोन्हीकडे तेवढंच. तरी जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. रात्रीचं जेवण भरपूर आणि नंतर बसणंही भरपूर, म्हणून फरकही तिथंच जास्त. आपल्या घरातही तेच चित्र आहे ना? ताट उचललं की मालिका, नाहीतर मोबाईल.

आपल्याकडे याला शतपावली हा किती छान शब्द आहे! पण एक करून बघा. आमची गच्ची बारा पावलांची आहे. आठ फेऱ्या झाल्या की शंभर पावलं होतात, आणि मिनिटभरात संपतात. म्हणजे दहा मिनिटं चालायचं तर हजारेक पावलं होतील. शब्दात शंभर असले तरी शंभरावर थांबू नका.

आणि चालायचं हळू. बोलता येईल, दम लागणार नाही, इतकंच. भरल्या पोटी भराभर चाललात तर पोटात दुखेल, आंबट वर येईल. हळू चालल्यानं मात्र जठर लवकर रिकामं व्हायला मदत होते, गॅस सुटतो, पोट हलकं होतं. जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं, तेही टळतं. झोप आणि जेवण यात दोन-तीन तास ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, ताई, उन्हाळ्यात काय करायचं? जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो, त्यात आखाजीचं जेवण! खापरावरचे मांडे आणि आमरस. गव्हाचं पीठ, पुरणातला गूळ, वरून आंबा, तिन्हीकडून साखर. मांडे खाऊ नका असं मी कधीच सांगणार नाही, माहेरवाशिणींचा सण आहे तो. पण दुपारी जेवून सगळे कूलरसमोर सतरंजीवर आडवे होतात, त्याआधी स्वयंपाकघर ते पुढचं दार, दहा मिनिटं फेऱ्या मारा. दुपारी उन्हात अजिबात जाऊ नका. सावलीतलं चालणंही चालणंच आहे.

(थांबते. कॅमेऱ्याकडे.)

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आमचे अप्पा आयुष्यभर शतपावली करत आले. आईची कधी सुरूच झाली नाही. सगळे जेवून उठले की ती ताट वाढून घ्यायची. मग भांडी, ओटा पुसणं, दुधाला विरजण, आणि साडेदहाला थेट अंथरूण. साखर निघाली ती आईलाच. चालण्याअभावीच निघाली असं मी म्हणत नाही, त्याला कारणं बरीच असतात. पण आता आमच्या घरी सगळे एकत्र जेवायला बसतात, आपापलं ताट आपणच घासतो, आणि आई-अप्पा दोघं मिळून गच्चीवर येतात. ते बघा, तिकडे टाकीजवळ. (कॅमेरा वळतो.)

ज्यांना सलग दहा मिनिटं मिळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये सात प्रयोग एकत्र तपासले. बसण्याच्या मध्ये मध्ये दोन ते पाच मिनिटं हळू चाललं तरी साखर कमी चढते, आणि नुसतं उभं राहण्यापेक्षा चालण्याचा फायदा जास्त, असं त्यात दिसलं. म्हणून बायांनो, भांडी घासून झाली की लगेच टेकू नका, पाच मिनिटं अंगणात या.

काहींनी जपायला हवं. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चालताना घाम फुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर खा. पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर असतील तर अनवाणी चालू नका, खडा रुतलेला कळत नाही. म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब जेवल्यावर कधी कधी उतरतो, त्यांना पटकन उठवू नका, धरून चालवा. चालताना छातीत आवळल्यासारखं झालं तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, अपचन समजून बसायचं नाही.

माझ्या बोलण्यात तुमची पाच-सहा मिनिटं झाली. राहिलेली चार घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन चाला. मी आईकडे जाते.