सत्तावीस मिनिटांचा काठ

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘जगातले रम्य सरोवरकाठ : प्रवाशांच्या आठवणी’. विषय मीच दिला होता, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. पण तयारीला बसलो आणि ‘रम्य’पाशीच गाडी अडली. सरोवर बघून आलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलंत? उत्तर ठरलेलं: ‘अहो, काय शांतता! पाणी म्हणजे नुसता आरसा!’ बायकल असो, लुईस असो नाहीतर पँगाँग, आरसा हटकून येतोच. या सभागृहात किती जणांनी आरसा म्हटलाय? हात वर करू नका, चेहऱ्यांवर दिसतंय.

माझी तक्रार आरशाबद्दल आहे. सरोवराचं पाणी सतत हलत असतं. वाऱ्याच्या लाटा म्हणत नाही मी, त्या सगळ्यांना दिसतात. अख्खं सरोवर या टोकाकडून त्या टोकाकडे डुलत असतं. ते बघायला वेळ लागतो, आणि सरोवराला किती वेळ द्यायचा हे हल्ली बसचा ड्रायव्हर ठरवतो.

आता माझी कथा. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी शेजाऱ्याला शेवट सांगू नये. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वाकाटिपू नावाचं सरोवर आहे. लांबी ८० किलोमीटरच्या आसपास, खोली ३८० मीटर, आणि आकार असा की नकाशावर कुणीतरी वीज काढून ठेवलीय असं वाटावं. तिथल्या माओरी लोकांची कथा आहे की मटाऊ नावाच्या राक्षसानं एका सरदाराची मुलगी पळवली. तिच्यावर प्रेम करणाऱ्या तरुणानं राक्षस अंग मुडपून झोपलेला असताना त्याला पेटवून दिलं. तो जळाला, जमिनीत खोल खड्डा पडला, त्यात पाणी भरलं. डोकं ग्लेनॉर्कीला, गुडघे क्वीन्सटाउनला, पाय किंग्स्टनला. काळीज मात्र जळालं नाही. ते अजून धडधडतं, म्हणून क्वीन्सटाउनच्या काठाला पाणी दर पंचवीस-सत्तावीस मिनिटांनी वर चढतं आणि उतरतं. दहा-वीस सेंटीमीटर. वीतभर म्हणा.

हे सगळं मी जाण्याआधी वाचून गेलो होतो. बस थांबली, आमच्या टूर मॅनेजरनं (भला माणूस, नाव घेत नाही, कंपनीचंही नाही) शिट्टी वाजवली आणि जाहीर केलं, ‘वीस मिनिटं. फोटो, वॉशरूम, बस.’ या क्रमानं. मी म्हटलं, पाण्याला सत्तावीस लागतात. तो म्हणाला, ‘काका, कुणाला लागतात?’

त्यातली आठ मिनिटं लोकांचे फोटो काढण्यात गेली. ग्रुपमध्ये एकटा माणूस असला की तो सगळ्यांचा फोटोग्राफर होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मग मी काठाच्या दगडी पायऱ्यांवर जाऊन बसलो. पायरीवर बोटभर शेवाळ, त्याच्यावर पाण्याची ओली रेघ. सुपारीएवढा एक करडा खडा उचलला आणि बरोबर त्या रेघेवर ठेवला. वारा नव्हता. बारीक लाटा येऊन पायरीला लागत होत्या, माघारी जात होत्या. पाच मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, राक्षस मेला. मग लक्षात आलं, खड्याचा खालचा भाग काळा झालाय. आणखी थोड्या वेळानं लाट मागे गेली तरी खडा ओलाच राहायला लागला. आणि मग तो पाण्याखालीच गेला हो! मी हलवला नाही, कुणी हलवला नाही. आरशासारखं पाणी माझ्या डोळ्यांदेखत पायरी चढून आलं.

आणि बसचा हॉर्न वाजला.

पाणी उतरताना बघायचं राहिलं ते राहिलंच. बसमध्ये चढलो तेव्हा पुढच्या सीटवरच्या ताई शेजारणीला सांगत होत्या, ‘काय शांत आहे ना गं इथलं पाणी!’ मी काही बोललो नाही. प्रवासात पुढच्या सीटशी वैर परवडत नाही.

आता राक्षस बाजूला ठेवून यामागचं शास्त्र. परातीत पाणी घ्या आणि या खोलीतून त्या खोलीत जाऊन बघा. तुम्ही थांबता, पाणी थांबत नाही, या कडेवरून त्या कडेला हिंदकळत राहतं. सरोवर ही मोठी परात. वारा तास न् तास एकाच दिशेनं वाहिला की पाणी एका टोकाला लोटलं जातं. वारा पडला, किंवा हवेचा दाब बदलला, की ते माघारी येतं, पण समतोलाला थांबत नाही, पलीकडे चढतं, परत येतं. परात लांब तर हिंदकळा संथ, उथळ तर आणखी संथ. शिवाय वाकड्यातिकड्या परातीत पाणी एकाच वेळी दोन-तीन तालांत डुलू शकतं. हे नीट मांडणाऱ्या माणसाचं नाव फोरेल, फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल. जन्म १८४१, जिनिव्हा सरोवराच्या काठी मॉर्जला. लोझानला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, पण जीव पाण्यात. एका सरोवरावर त्यानं तीन खंड लिहिले, १८९२ ते १९०४. सरोवरशास्त्राचा तो जनक मानला जातो. त्याच्या सरोवराचा एक हेलकावा पुरा व्हायला ७३ मिनिटं लागतात. लांबीही ७३ किलोमीटर, पण तो निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कृपया सूत्र बनवू नका. मागे एका ठिकाणी हे बोललो तर एका गृहस्थांनी घरी जाऊन बनवलं होतं.

त्याच सरोवरावर १८१६ च्या उन्हाळ्यात बायरन आणि शेली हे इंग्रज कवी होडीतून हिंडत होते. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटलेला, त्यामुळे तो उन्हाळा म्हणजे पाऊस आणि थंडी. वादळात होडी उलटायच्या बेताला आली. शेलीला पोहता येत नव्हतं. तेव्हा तो वाचला, सहा वर्षांनी इटलीजवळ समुद्रात बुडाला. त्याच्यापुढे कुणी आरशाची गोष्ट काढायला हवी होती!

स्वीडनचा प्रवासी-संशोधक स्वेन हेडिन, त्याचंही तसंच. १९०७ साली मानसरोवरात घडीची होडी टाकून, दोर सोडून खोली मोजत हा माणूस रात्रभर वल्हवत गेला. तिथल्या लोकांनी बजावलं होतं, जाऊ नकोस, देव कोपेल. वादळानंही गाठलं त्याला. पण त्यानं सरोवराला रात्र दिली, वीस मिनिटं नाही दिली...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अरे! अजून मूळ विषय सुरू व्हायचाय.

बरं, भरभर घेतो. मला सिद्ध असं करायचं होतं की सरोवराची आठवण पाण्याची नसते, काठावर घालवलेल्या वेळाची असते. तीन गोष्टींतून दाखवणार होतो: रंग, आवाज आणि खुद्द काठ.

रंग. कॅनडातलं लुईस इतकं निळं-हिरवं का? हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगतं, त्यावरून प्रकाश विखुरतो. म्हणजे रंगालाही वेळापत्रक आहे. बर्फ जूनच्या सुमारास वितळतं, पीठ त्यानंतर येतं. मे महिन्यात गेलेले लोक पांढरं मैदान बघून येतात आणि पोस्टकार्डावर चिडतात. इंडोनेशियात केलिमुटू डोंगरावर तीन विवरसरोवरं शेजारीशेजारी आहेत, तिन्हींचे रंग वेगळे आणि तेही बदलते. तुम्ही पाहिलेला रंग तुमच्या दिवसाचा.

आवाज. बायकल, १,६४२ मीटर, जगातलं सर्वांत खोल. हिवाळ्यात वरचं बर्फ तडकतं तेव्हा तोफ डागल्यासारखा धडाका होतो. जर्मनीत कोनिग्झे सरोवरावर १९०९ पासून विजेवरच्या होड्या आहेत, मोटारीची घरघर नाही. कड्यासमोर होडी थांबते, नावाडी तुतारीसारखं वाद्य वाजवतो, कडा सूर परत करतो. तिथे लोक आपोआप गप्प होतात. पर्यटक गप्प झालेले मी तेवढ्या एकाच ठिकाणी पाहिले.

आणि काठ. हा माझा मुख्य मुद्दा होता, अर्धा तास राखून ठेवला होता त्याला. अरल. १९६० पर्यंत जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं आणि ते आटत गेलं. उझबेकिस्तानातलं मोयनाक हे बंदर होतं. आज तिथे गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत आणि पाणी शंभर किलोमीटरहून दूर गेलंय. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला काठ आठवतो, नातवाला तो कुठे होता ते बोटानं दाखवावं लागतं. यावर खरं तर... हो, हो, दिसली चिठ्ठी.

शेवटचं एक, मग खाली बसतो. अमेरिकेत ओरेगनमध्ये क्रेटर लेक आहे, ज्वालामुखीच्या विवरातलं, ५९४ मीटर खोल. त्यात झाडाचा एक ओंडका तरंगतो. आडवा नाही, सरळ उभा. लांबी नऊ मीटरच्या आसपास, पाण्याबाहेर जेमतेम सव्वा मीटर डोकं. निदान १८९६ पासून त्याची नोंद आहे. त्याला तिथे म्हातारबाबाच म्हणतात. १९३८ साली जुलै ते सप्टेंबर त्याच्यावर रोज पाळत ठेवली. म्हातारबाबा तीन महिन्यांत १०० किलोमीटर फिरला. उभ्यानं, त्याच एका सरोवरात. आणि मी जाऊन आलो तेव्हा तो नेमका पलीकडच्या काठाला होता. आम्हाला पंधरा मिनिटं दिली होती.